अलाबला

डॉ. ऋतुजा मगदूम यांच्या मिरजेतल्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या जोड्यांपैकी आजारी कोण आणि सोबतीला आलेलं कोण, हे नवख्या माणसानं हटकून उलटं सांगितलं असतं. कारण शाल पांघरून कुडकुडत, लाल डोळ्यांनी बसलेली असायची ती आई. आणि बाकावर उभं राहून भिंतीवरच्या पालीला शुकशुक करणारं असायचं ते तिचं पोर. आजार पोराचा होता. ताप आईला होता.

कल्पना सांगायला सोपी. रोगाचा जंतू अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला पेशींची फौज उभी करतं. ती फौज घडताना जी भट्टी पेटते तिलाच आपण ताप म्हणतो. पस्तीस वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की भट्टी एका घरी पेटवून भाकरी दुसऱ्या घरी पोचवता येते. मुलाच्या घशातला जंतू आईला द्यायचा, तोही असा चेतवून की चार दिवसांची लढाई अठरा तासांत उरकेल. आईचं अंग फणफणतं, हाडं ठणकतात, फौज तयार होते. मग ती गाळायची, मुलाच्या रक्ताला परकी वाटणार नाही अशी धुवायची आणि मुलाला चढवायची. लशी होत्याच, पण त्या ओळखीच्या रोगांपुरत्या. दर हंगामाला जे नवं काही उगवायचं त्याला हा उपाय. अशी फौज कारखान्यात करून पाहिली, ती जमली नाही. जिवंत अंग खरोखर तापल्याशिवाय ती घडतच नव्हती.

सरकारी कागदात या उपचाराचं नाव ज्वरांतर. लोकांनी ते कधी तोंडात घेतलं नाही. पोराच्या चेहऱ्यावरून हात उतरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडणारी आई हजार वर्षं जे म्हणत आली होती, तेच आता खरं झालं होतं; म्हणून लोक त्याला अलाबला म्हणत. जी ताप घ्यायची ती 'घेणारी'. आणि दोन्ही टोकांना एकच डॉक्टर लागायचा, पोराचा आणि मोठ्या माणसाचाही, म्हणून कायद्यानं त्याला उभयवैद्य ठरवलं होतं. मिरजेत म्हणत, दुपदरी डॉक्टर.

ऋतुजाबाई बत्तीस वर्षं दुपदरी होत्या. आता बासष्टी उलटली होती. पायाच्या शिरा निळ्या पडल्या होत्या, आणि अलीकडे एखादी आई आत येऊन "बाई, मी तयार आहे" म्हणाली की त्यांना आधी खुर्ची ओढून बसावंसं वाटायचं.

माघातल्या त्या सकाळी असंच म्हणत अन्वी कुरुंदवाडे आत आली. कडेवर चार वर्षांची तारा. गाल लाल, डोळे पाणावलेले, डोकं आईच्या खांद्यावर टाकलेलं. यंदाचा नवा घशाचा ताप. माघात आला म्हणून लोकांनी त्याचं नाव माघ्या पाडलं होतं.

"रात्रीपासून तापलीय. नऊ तास झाले, बाई," अन्वी म्हणाली. "लवकर लावा. मी उपाशी आले आहे, नियमाप्रमाणं."

"तू घेणार? आधीच्या तिन्ही वेळा आजीनं घेतला होता ना?"

"आईला आता झेपत नाही. तुम्हीच तर सांगितलंत. आणि हिच्या बाबांची, शर्विलची बोट अजून दोन महिने किनाऱ्याला लागत नाही. मीच राहिले."

बाईंनी अन्वीला नीट पाहिलं. एकोणतीस वर्षांची, ठणठणीत, त्वचा अशी की वाऱ्याचासुद्धा ओरखडा नाही. हिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ही तिसऱ्या वर्षात होती. तेव्हा हिची आई सानिका शहरातली नावाजलेली कीर्तनकार होती. नऊवारीचा काष्टा, हातात चिपळ्या, आवाज असा की शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्याचीही मान डोलावी. ऋतुजाबाई दवाखाना मिटून त्या कीर्तनाला जायच्या, कपाळाला बुक्का लावून परत यायच्या. त्याच सानिकाला त्यांनी स्वतः सांगितलं होतं, "पोरीला का तापू द्यायचं? आई आहेस ना तू?" त्यानंतर सानिकानं लेकीचे एक्केचाळीस ताप घेतले. लेकीचं लग्न झाल्यावरही घेतले. घसा गेला, फुप्फुसं गेली, कीर्तन गेलं. आता ती बोलायची ते कागद चुरगाळल्यासारखं.

"आधी तुझं रक्त बघू," बाई म्हणाल्या.

तपासणीला पाऊण तास लागला. तोवर तारा बाकावर आडवी होऊन रुकय्या सिस्टरच्या अंगठ्या मोजत होती. कागद हातात आला तेव्हा बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अन्वी, तुला ताप घेता येणार नाही."

"का? मला काय झालंय?"

"काहीच झालेलं नाही. तेच तर झालंय." बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "ऐक. शरीर लढतं, आणि लढता लढता शिकतं. पुढच्या खेपेला ते शिकलेलं कामाला येतं. तुझ्या लहानपणी आम्हाला वाटायचं, आईची फौज तुझ्या अंगात आली की तिच्यासोबत तिचं शिक्षणही येतं. ते येत नव्हतं. शिकवणीला तुझी आई बसली, परीक्षेत पास तू झालीस. उसनी फौज दोन-तीन महिन्यांत मरून जायची. तुझं अंग मात्र कोरंच राहिलं, पहिलीतल्या पाटीसारखं."

"मग आता शिकेल की."

"चेतवलेला जंतू हा पहिलीचा धडा नव्हे. अठरा तासांत चार दिवसांची लढाई, आणि लढणारं कोण? ज्यानं कधी काठीसुद्धा हातात धरली नाही ते. जिवावर बेतेल, पोरी."

अन्वीनं तो कागद हातात घेऊन वाचला. मग म्हणाली, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"पंधरा वर्षांपूर्वी शंका आली. दहा वर्षांपूर्वी खात्री झाली."

"आणि तरीही लावत राहिलात?"

"दारात आई उभी असते गं. तिला नाही म्हटलं तर ती शेजारच्या गल्लीत जाते." बाईंनी तिच्या हातातला कागद परत घेतला. "ही सबबच झाली म्हणा. माझीसुद्धा."

बाहेर बाकावर काठी आपटल्याचा आवाज आला. दारात सानिका उभी होती, धापा टाकत. रिक्षातून उतरून दहा पायऱ्या चढल्या एवढ्यावर तिचे ओठ निळसर झाले होते.

"मला सांगायचं नाही असं ठरवून आलीस होय गं?" ती लेकीला म्हणाली. मग बाईंकडे वळली. "लाव मला. एक्केचाळिसाला बेचाळीस."

"पंचेचाळीस होतील," ऋतुजाबाई म्हणाल्या. "नातीचे तीन विसरलीस. आणि पंचेचाळिसावा संपायच्या आत तू संपशील. बस खाली."

"संपले तर संपले. एकादशी जवळ आहे, वैकुंठाचं दार उघडंच असतं."

"दार उघडं असलं तरी पाहुण्यानं जेवणाच्या वेळेआधी जाऊ नये."

सानिका हसली आणि हसता हसता खोकत राहिली. रुकय्या पाणी घेऊन आली.

नियम असा होता की मुलाला ताप भरल्यापासून बारा तासांच्या आत घेणारी उभी करायचीच. नाही केली तर डॉक्टरनं लेखी कळवायचं, आणि मग डॉक्टरची चौकशी आणि आईबापांची शोभा. घराबाहेर माणसं कुजबुजत, पोरीला तापात टाकली म्हणे. पाण्यात टाकली म्हणावं तसं. अकरावा तास चालू होता.

"एक रस्ता आहे," ऋतुजाबाई म्हणाल्या. "ताराचा ताप ताराला काढू दे."

अन्वी ताडकन उठली. "म्हणजे तशीच सोडायची? अंगावर काढायला लावायचं? एवढ्याशा जिवाला?"

"एवढ्याशा जिवानंच हे काढायचं असतं. तिचा ताप साधा आहे, चेतवलेला नाही. चार दिवस, फार तर पाच. मी लहान असताना वर्षातून सहा वेळा मला ताप यायचा. आई मऊ भात द्यायची, शाळेला सुट्टी मिळायची. मजा असायची थोडी."

"आणि मग काय व्हायचं?"

"मग उतरायचा."

"आपोआप?"

तो एक शब्द ऋतुजाबाईंना लागला. ही पोर खोटं भीत नव्हती. तिनं ताप पाहिला होता तो आईचा. चेतवलेला, खाटेला कठडा लावावा लागणारा, दात वाजवणारा. ताप येतो तसा जातोही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिच्या अंगालाही ठाऊक नव्हतं. अंधार पहिल्यांदाच पाहणाऱ्याला सकाळ होते हे कसं पटवायचं?

सानिकानं लेकीचा हात धरून तिला खाली बसवलं. "अन्वे, तीस वर्षं कीर्तनात मी एक गोष्ट चुकीची सांगत आले. सांगायचे, देवानं भक्ताचं दुखणं आपल्या अंगावर घेतलं. लोक रडायचे, मीही रडायचे. घसा गेल्यावर घरी बसून विचार करायला सवड मिळाली. तेव्हा वाटलं, देव तसं करत नसणार. भोग ज्याचा त्यानंच भोगायचा. देव उशाशी बसतो. रात्रभर बसतो, पंखा घालतो, पाणी पाजतो. पण ताप घेत नाही. घेता येत नाही म्हणून नव्हे. घेतला तर भक्त लहानच राहील म्हणून." एवढं बोलून तिला दम लागला. "मी देवाच्या पुढं गेले बघ. तुला लहानच ठेवलं."

अन्वी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "उशाशी कसं बसतात, ते तरी सांगा."

ऋतुजाबाईंनी फॉर्मवर लिहिलं: घेणारं कुणी नाही, मूल आपला ताप आपण काढेल, जबाबदारी माझी. खाली सही केली. आपला बत्तीस वर्षांचा परवाना त्या ओळीवर टांगला आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं फारसं काही वाटलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

खरी अडचण नंतर आली. मुलांचं तापाचं औषध शहरात कुठंच नव्हतं. आपला ताप शेवटपर्यंत काढणारं मूल वीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, मग सिरप बनवणार कोण? बाईंनी मोठ्यांची गोळी घेतली, ताराला वजनकाट्यावर उभं केलं, मनाशी भागाकार केला, सुरीनं गोळीची चकती केली, चमच्यानं चुरली आणि मधात कालवली. दोन्ही बाजूंचं डॉक्टर असण्याचा एवढा उपयोग त्यांना कितीतरी वर्षांनी झाला. रुकय्या बघतच राहिली.

"बाई, हे पुस्तकात नाही."

"माझ्या आईच्या स्वयंपाकघरात होतं. जा, मऊ भात टाकायला सांग. आणि स्वच्छ रुमाल आण, भिजवून पिळलेला."

तारा दवाखान्यातच राहिली. पहिला दिवस तिनं रडून काढला, दुसरा झोपून. ताप वर चढला की अन्वी खाटेची कड धरून उभी राही आणि बाईंना हाक मारी, बाई येत, थर्मामीटर बघत, कपाळावरची घडी बदलत आणि म्हणत, "बरोबर चाललंय." अन्वी त्यांच्याकडे अशी बघे की जणू घर जळताना कुणी बरोबर चाललंय म्हणावं. सानिका कोपऱ्यात बसून त्या चुरगाळलेल्या आवाजात नातीला नामस्मरण ऐकवत होती. सूर नव्हता, लय मात्र शाबूत होती. तारा त्या लयीवर झोपायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं अंग घामानं भिजलं. अन्वी घाबरून ओरडली, "बाई, ही गळायला लागली!"

"गळत नाही, उतरतोय," ऋतुजाबाई म्हणाल्या. "हात लावून बघ."

अन्वीनं लेकीच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. तारानं डोळे उघडले. "मला लोणचं पाहिजे," ती म्हणाली.

सानिकानं वर बघून हात जोडले. रुकय्यानं पदराला डोळे पुसले. आणि ऋतुजाबाईंना इतक्या वर्षांत प्रथमच दवाखान्यात बरं वाटलं. म्हणजे दमलेलं बरं, कीर्तन संपल्यावर घरी चालत जाताना वाटतं तसं.

पण तीन दिवस उशाशी बसलेली आई लेकीचाच श्वास श्वासात घेत होती. चौथ्या सकाळी अन्वीला थंडी वाजून आली.

माघ्या मोठ्यांना सहसा दोन दिवस लोळवायचा आणि सोडून द्यायचा. पण ती मोठी माणसं म्हणजे ऋतुजाबाईंच्या पिढीची. अन्वीच्या अंगात काय चाललंय ते संध्याकाळच्या रक्तात दिसलं. जंतू वाढत होता आणि त्याच्यासमोर कुणी उभंच नव्हतं. ताप चढत होता, पण ती भट्टी नव्हती, नुसती आग होती. फौजेचा पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी ती कुणाला ओळखेना.

"मला लाव," सानिका म्हणाली.

"तुझ्या रक्तात आता फौज घडवायला माणूसबळ नाही. लावलं तर दोघीही जाल."

"मग कुणाचं?"

ऋतुजाबाईंची नजर खाटेखाली बसून रिकाम्या सिरिंजनं पाणी उडवणाऱ्या ताराकडे गेली होती. हा ताप नुकताच, आपल्या बळावर जिंकलेली, रक्ताच्या नात्यातली, ताजी फौज अंगात असलेली त्या दवाखान्यात एकच व्यक्ती होती. तिचं वजन साडेचौदा किलो होतं.

सानिकाला कळलं. ती कपाळाला हात लावून बसली. "पोराचं आईला? हे उलटं गं बाई. उलटी गंगा."

"तिला पुन्हा ताप येणार नाही. फक्त थोडं रक्त, दोनदा. पण कायद्यात बसत नाही. मूल देणारं होऊच शकत नाही." बाई खाली, फरशीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. "तारा, इकडं बघ. आईला बरं करायला तुझं थोडं रक्त लागणार आहे."

"दुखेल?"

बत्तीस वर्षांत त्यांनी हजारो मुलांना सांगितलं होतं, तुला काही होणार नाही. "हो. सुई टोचेल. दुखेल."

तारानं विचार केला. "फार?"

"मुंगळा चावतो तेवढं. आणि नको वाटलं तर नको म्हण."

"आई मला ओळखेल मग?"

"बहुतेक ओळखेल."

"मग काढ," तारा म्हणाली आणि दंड पुढं केला. सुई शिरताना ती ओरडली, जोरात, खऱ्याखुऱ्या दुखण्याचं ओरडली. आजी तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिली. हात मागं मात्र तारानं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अन्वीनं डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. लेकीच्या दंडावरची पट्टी तिनं पाहिली, काय झालं ते ऐकलं, आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. तारा तिच्या पाठीशी जाऊन बसली आणि तिला थोपटत राहिली, मोठ्या माणसासारखी.

ऋतुजाबाईंनी घडलं ते सगळं लिहून वर पाठवलं. लपवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. अन्वीसारखी कोरी माणसं गावोगाव होती, लाखांनी. पंचविशीतली, तिशीतली, आता आया आणि बाप झालेली. त्यांचे ताप घेणारे आईबाप थकले होते. मुलांना आपापले ताप काढू द्या, एवढंच लोकांनी त्या कागदातून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा होती. चौकशी लागेल, परवाना जाईल, आणि आपण संध्याकाळी मोकळेपणानं देवळात पुढच्या ओळीत जाऊन बसू, असंही थोडं मनात होतं.

चौकशी लागली नाही, पण कागदातली गोष्ट गावोगाव फुटली. आठवडाभरानं सोमवारी सकाळी त्या दवाखान्यात आल्या तर जिना माणसांनी भरलेला होता. आज कुणी शाल पांघरलेली नव्हती. कुणी खोकत नव्हतं. प्रत्येकाच्या बोटाला एक धडधाकट मूल होतं.

पहिला आत आला तो तिशीचा तरुण, इस्त्रीचा शर्ट, बरोबर पाच-सहा वर्षांचा गुबगुबीत मुलगा. तरुणानं हात जोडले.

"बाई, आम्ही जयसिंगपूरचे. मिसेसला चौथा महिना आहे. ती पण तुमच्या त्या पेशंटसारखीच, कोरी. अजून लागण झालेली नाही, पण गल्लीत तीन घरी माघ्या आहे. उद्या तिला झाला तर?" तो जरा घुटमळला. "म्हणून म्हटलं, याला आधीच देऊन ठेवता येईल का? म्हणजे त्याच्या अंगात तयार राहील. घरातल्या घरात."

ऋतुजाबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्यांनी मुलाच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं.

"तुला माहीत आहे का रे, तुला कशाला आणलंय?"

"हो," मुलगा उत्साहानं म्हणाला आणि त्यानं शर्टाची बाही वर केली. "ताप आला की मला सायकल मिळणार आहे."